व्यवसाय-प्रशिक्षण केंद्रांचे नियोजन आणि प्रदेशाची गरज



एखाद्या तालुक्याच्या गावी नवे औद्योगिक प्रशिक्षण केंद्र उभे राहते, तेव्हा उद्घाटनाच्या दिवशी तीन गोष्टी सर्वांच्या दृष्टीस पडतात: नवी इमारत, तेल लावून ठेवलेली यंत्रे आणि प्रवेशासाठी लागलेली उमेदवारांची रांग. चौथी गोष्ट त्या दिवशी दिसत नाही. दोन वर्षांनी याच रांगेतील मुलांना कामावर घेणारा कारखानदार, कंत्राटदार अथवा दुरुस्तीशाळेचा मालक त्या समारंभास हजर असतोच असे नाही. पुष्कळदा असे केंद्र निघत असल्याची वार्ताही त्याच्या कानी गेलेली नसते. केंद्राचे यशापयश मात्र याच अनुपस्थित गृहस्थावर अवलंबून असते. जोडारीचे शिक्षण घेणारा सतरा वर्षांचा मुलगा आपल्या आयुष्यातील दोन वर्षे केंद्राच्या स्वाधीन करतो आणि त्याच्या घरची माणसे तितका काळ त्याच्या मिळकतीवर पाणी सोडतात. ही गुंतवणूक इमारतीच्या किंवा यंत्रांच्या किमतीपेक्षा मोलाची आहे. कारण यंत्र जुने झाल्यास बदलता येते, त्या मुलाची वर्षे परत देता येत नाहीत. प्रशिक्षण केंद्राचे नियोजन कसे करावे, या प्रश्नाचा विचार या जाणिवेपासून सुरू झाला पाहिजे.

भारतात हे नियोजन कसे होत आले, हे समजण्यासाठी त्याच्या उगमाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, युद्धसामग्रीचे कारखाने आणि लष्करी कर्मशाळा यांना लागणारे कारागीर तयार करण्यासाठी सरकारने तांत्रिक प्रशिक्षणाची योजना हाती घेतली. युद्ध संपत आले तेव्हा, १९४५ मध्ये, सैन्यातून मुक्त होणाऱ्या जवानांच्या पुनर्वसनासाठी स्वतंत्र महासंचालनालय स्थापन झाले. फाळणीनंतर निर्वासितांनाही या प्रशिक्षणाचा लाभ देण्यात आला. याच पायावर १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. १९५६ मध्ये संस्थांचा दैनंदिन कारभार राज्य सरकारांकडे सोपविण्यात आला आणि अभ्यासक्रम, परीक्षा व प्रमाणपत्रे यांबाबत सल्ला देण्यासाठी राष्ट्रीय परिषद नेमण्यात आली. जोडारी, कातारी, यंत्र कारागीर, वीजतंत्री, तारतंत्री, संधाता ही व्यवसायांची नावे या संस्थांच्या द्वारेच सामान्य कुटुंबांच्या परिचयाची झाली. १९८० मध्ये देशात ८३१ औद्योगिक प्रशिक्षण संस्था होत्या. आज ही संख्या चौदा हजारांच्या वर गेली असून त्यांतील बहुसंख्य संस्था खाजगी आहेत.

या इतिहासात नियोजनाच्या एका सवयीचे बीज आढळते. युद्धकाळात कारागिरांची मागणी करणारा एकच होता, तो म्हणजे सरकार. त्याला किती जोडारी व किती संधाते हवेत हे तो आगाऊ सांगू शकत होता आणि तयार झालेला प्रत्येक माणूस उचलण्यास तो बांधलेला होता. अशा स्थितीत आकडा ठरविणे म्हणजेच नियोजन करणे, हे समीकरण चुकीचे नव्हते. परंतु युद्ध संपले, मागणी करणारे एकाचे हजार झाले, त्यांतील बहुतेक लहान आणि विखुरलेले निघाले. आणि आकडा ठरविण्याची सवय मात्र कायम राहिली.

पंचवार्षिक योजनांच्या काळात या सवयीला शास्त्राचे रूप मिळाले. १९६२ मध्ये दिल्लीत मनुष्यबळाच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था निघाली. त्याच दशकात पोर्तुगाल, स्पेन, इटली, ग्रीस, युगोस्लाव्हिया आणि तुर्कस्तान या सहा देशांसाठी अशाच पद्धतीचा एक मोठा संयुक्त प्रकल्प राबविला गेला. पद्धती दिसावयास सरळ होती. अमुक वर्षी पोलादाचे, कापडाचे वा सिमेंटचे उत्पादन किती व्हावयाचे ते प्रथम ठरवावयाचे. तितक्या उत्पादनास किती कामगार लागतील हे काढावयाचे. त्यांची व्यवसायवार विभागणी करावयाची. आणि शेवटी तितक्या जागा प्रशिक्षण संस्थांत निर्माण करावयाच्या. यातील प्रत्येक पायरी एका गृहीतावर उभी आहे. उत्पादनाचे उद्दिष्ट गाठले जाईल हे एक गृहीत. दहा वर्षांनी तेच यंत्र तितक्याच माणसांकडून चालविले जाईल हे दुसरे. संधात्याचे काम संधाताच करील, शेजारी उभे राहून शिकलेला मदतनीस करणार नाही, हे तिसरे. तीन गृहीते एकावर एक रचली म्हणजे त्यांतील चुकाही एकमेकींवर रचल्या जातात. शिवाय संपूर्ण देशाचा आकडा अचूक निघाला तरी तो अमुक एका जिल्ह्याविषयी काहीच सांगत नाही. देशाला संधाते हवे आहेत, एवढ्यावरून या तालुक्याला ते हवे आहेत असे ठरत नाही.

याच सुमारास, १९६५ मध्ये, फिलिप फॉस्टर या अभ्यासकाने घाना देशातील अनुभवाच्या आधारे एक निबंध प्रसिद्ध केला. शाळांतून हस्तव्यवसाय शिकविले म्हणजे तरुण आपोआप त्या व्यवसायांकडे वळतील, ही समजूत त्याने खोडून काढली. तरुण कोठे वळतात हे अभ्यासक्रम ठरवीत नाही; कोणत्या कामाला किती वेतन, किती स्थैर्य व किती मान मिळतो, ते ठरविते. त्यांची निवड अज्ञानातून होत नसून पुरेशा व्यवहारी हिशोबाने होते. म्हणून प्रशिक्षण प्रत्यक्ष रोजगाराच्या जितके जवळ असेल तितके ते फलदायी ठरेल, असा त्याच्या विवेचनाचा रोख होता. हे मत पुढे बरेच वादग्रस्त ठरले, तथापि नियोजनकर्त्यांना त्याकडे दुर्लक्ष करणे शक्य झाले नाही.

रोजगाराच्या जवळ म्हणजे नेमके कोठे, हे पाहण्यासाठी भारतातील दोन नगरांचा अनुभव बोलका आहे. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात आरंभीच्या काळात कुशल कामांवर करारबद्ध परदेशी तंत्रज्ञ असत. त्यांच्या जागी भारतीय माणसे तयार व्हावीत म्हणून १९२१ मध्ये तेथे तांत्रिक शिक्षणाची संस्था काढण्यात आली. या संस्थेला आपला विद्यार्थी उद्या कोणत्या भट्टीपुढे वा कोणत्या यंत्रापाशी उभा राहणार हे ठाऊक होते. शिकविणारा आणि नोकरी देणारा एकच असल्यामुळे शिक्षणातील उणीव कारखान्यातच उघडी पडे आणि ती दुरुस्त करण्यात कारखान्याचाच स्वार्थ असे. गरजेची चौकशी करण्यासाठी वेगळी समिती नेमण्याचे येथे कारणच नव्हते.

परंतु जमशेदपुरासारखी नगरे थोडी. भारतातील बहुतेक औद्योगिक गावे कोइंबतूरच्या जातीची आहेत. तेथे कापसाच्या गिरण्या होत्या. खोल विहिरींवर अवलंबून असलेल्या शेतकऱ्याला पंप हवे होते. १९३० च्या दशकात पायकारा येथील जलविद्युत उपलब्ध झाल्यावर या दोहोंना गती मिळाली. गिरण्यांच्या यंत्रांची दुरुस्ती, ओतकाम, पंप व मोटारी तयार करणे अशा कामांच्या असंख्य लहान कर्मशाळा तेथे वाढल्या. अशा एकेका कर्मशाळेत दहा-वीस माणसे असतात. तिच्या मालकाला प्रशिक्षण संस्था काढणे परवडत नाही. आणि स्वतः शिकवून तयार केलेला मुलगा चार पैसे अधिक मिळताच पलीकडच्या गल्लीतील कर्मशाळेत जाईल, ही भीती त्याला शिकविण्यापासून परावृत्त करते. त्याला कुशल माणसाची गरज जमशेदपूरच्या कारखान्याइतकीच असते, परंतु ती बोलून दाखविणारा आवाज त्याच्यापाशी नसतो. कोइंबतुरात ही उणीव एका स्थानिक धर्मादाय संस्थेने भरून काढली. तिने १९२६ मध्ये औद्योगिक शिक्षणसंस्था सुरू केली. तिच्या कर्मशाळेत यंत्रे व पंप तयार होत आणि विद्यार्थी खऱ्याखुऱ्या उत्पादनावर हात चालवून शिकत. विकावयाच्या वस्तूचे माप चुकले तर ती परत येते, हा धडा कोणत्याही परीक्षेपेक्षा प्रभावी असतो.

या दोन उदाहरणांवरून दिसून येते की, मोठा मालक आपली गरज स्वतः भागवितो. नियोजनाची खरी आवश्यकता लहान मालकांच्या प्रदेशात असते. आणि नेमक्या याच ठिकाणी ते सर्वांत अवघड असते, कारण विचारावयाचे कोणाला हेच निश्चित नसते.

लहानमोठ्या सर्व मालकांना एकत्र बांधण्याचा एक मार्ग ब्राझीलने १९४२ मध्ये शोधला. त्या वर्षाच्या जानेवारीत निघालेल्या हुकुमान्वये तेथे औद्योगिक प्रशिक्षणाची राष्ट्रीय सेवा स्थापन झाली. तिचा कारभार उद्योजकांच्या महासंघाकडे सोपविण्यात आला आणि तिच्या खर्चासाठी उद्योगांवर सक्तीची वर्गणी बसविण्यात आली. ही वर्गणी पुढे वेतनखर्चाच्या १ टक्का अशी स्थिर झाली. साओ पाउलो विभागात या सेवेची घडी बसविणारे रोबेर्तो मांगे हे मूळचे स्विस अभियंते होते आणि रेल्वे कारागिरांच्या प्रशिक्षणाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. पुढे ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष झालेले लूला द सिल्व्हा यांनी तरुणपणी कातारीचे शिक्षण याच सेवेच्या शाळेत घेतले होते. वर्गणीचा परिणाम केवळ आर्थिक नव्हता. ज्याने पैसे भरले त्याला ते कसे खर्च होतात याची उत्सुकता वाटू लागते, तो केंद्रात डोकावतो, तक्रार करतो, यंत्र जुने झाले असे सांगतो. शिवाय शिकविणारा मालक आणि शिकलेला माणूस पळविणारा मालक या दोघांनाही वर्गणी सारखीच भरावी लागत असल्याने, शिकविणाऱ्यावर होणारा अन्याय कमी होतो. या पद्धतीची मर्यादाही उघड आहे. जे वर्गणी देतात त्यांच्याच गरजा प्रथम ऐकल्या जातात. नोंदणीच नसलेल्या व्यवसायांतील माणसे कुंपणाबाहेर राहतात.

भारताने वेगळा मार्ग धरला. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने ठराविक आस्थापनांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन घातले आणि १९६२ पासून ते अमलात आले. संस्थेत पाया घालावयाचा आणि कारखान्यात त्यावर हात बसवावयाचा, ही त्यामागील कल्पना उत्तम होती. परंतु बंधन संख्येचे होते, आस्थेचे नव्हते. कित्येक ठिकाणी शिकाऊ उमेदवार नियमापुरता घेतला गेला आणि मुदत संपताच त्याला निरोप देण्यात आला. २०१४ मध्ये या कायद्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले. मालकांना संस्थांच्या कारभारात आणण्याचाही यत्न झाला. २००७-०८ मध्ये १,३९६ शासकीय संस्था उद्योगांच्या भागीदारीने सुधारण्याची योजना निघाली. प्रत्येक संस्थेसाठी व्यवस्थापन समिती, तिच्या अध्यक्षपदी उद्योगाचा प्रतिनिधी आणि समितीच्या हाती अडीच कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज, अशी तिची रचना होती. येथे कारखानदाराला खुर्ची मिळाली. परंतु खुर्ची देणे सोपे, तीत बसणाऱ्याचा वेळ मिळणे कठीण. जो अध्यक्ष वर्षातून दोनदा सही करण्यापुरता येतो, तो आपल्या कारखान्याच्या गरजा संस्थेपर्यंत पोहोचवू शकत नाही आणि शेजारच्या वीस लहान कर्मशाळांच्या गरजा तर त्याला माहीतही नसतात.

येथपर्यंत केलेल्या विवेचनात मालकाची गरज हीच प्रदेशाची गरज असे मानले गेले. हे कितपत बरोबर आहे, याचे उत्तर मुंबईच्या इतिहासात मिळते. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी उभारण्यास प्रारंभ केला आणि पुढील शतकभर हे नगर गिरण्यांवर जगले. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत यंत्रविद्येच्या जोडीने वस्त्रनिर्मितीचे शिक्षण होते. तत्कालीन मालकांच्या गरजेशी ते अगदी सुसंगत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संपाचा रीतसर शेवट झालाच नाही. अनेक गिरण्या पुन्हा पूर्ववत सुरू झाल्या नाहीत आणि पुढील दोन दशकांत त्यांच्या जमिनींवर इमारती व बाजारपेठा उभ्या राहिल्या. ज्याने तीस वर्षे एका प्रकारच्या मागावर काढली त्याचे कौशल्य उत्तम होते, परंतु ते त्या मागाच्या बाहेर कोठेही चालणारे नव्हते. अशा अनेकांना पन्नाशीच्या सुमारास पहारेकऱ्याचे काम किंवा रस्त्यावरची विक्री पत्करावी लागली. त्याच गिरणीतील जो माणूस मोटार दुरुस्त करीत असे, नळ जोडीत असे किंवा लेथवर सुटे भाग कातीत असे, त्याची विद्या निदान दुसऱ्या दारी नेण्याजोगी होती.

यावरून असे म्हणता येईल की, मालकाची गरज आजची असते आणि उमेदवाराची गरज चाळीस वर्षांची असते. मालकाला सोमवारी सकाळी आपल्या यंत्रावर उभा राहू शकेल असा माणूस हवा असतो. उमेदवाराला ते यंत्र भंगारात गेल्यावरही उपयोगी पडेल अशी विद्या हवी असते. दोन्ही मागण्या न्याय्य आहेत. केंद्राने केवळ पहिली ऐकली तर ते एखाद्या कारखान्याचे अंगण बनते. केवळ दुसरी ऐकली तर ते कारखान्यापासून तुटलेली शाळा बनते. जर्मनीतील द्विस्थानी पद्धतीत या दोहोंचा मेळ कायद्याने घातला आहे. १९६९ च्या तेथील कायद्यानुसार उमेदवार आठवड्यातील बहुतेक दिवस कारखान्यात आणि एक-दोन दिवस शाळेत शिकतो. परंतु त्याने काय शिकावे हे एकटा मालक ठरवीत नाही. मालकांच्या संघटना, कामगार संघटना आणि शासन हे तिघे मिळून व्यवसायाची व्याप्ती निश्चित करतात. त्यामुळे एका कारखान्यात शिकलेल्या माणसाचे प्रमाणपत्र दुसऱ्या कारखान्यात ओळखले जाते.

आता प्रश्न उरतो तो ज्या प्रदेशात सांगण्याजोगा मालकच नाही त्याचा. पुणे जिल्ह्यातील पाबळ हे गाव पर्जन्यछायेच्या टापूत येते. डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. शेती व पशुपालन, ऊर्जा व पर्यावरण, कर्मशाळेतील कामे, गृह व आरोग्य अशा अनेक शाखांची तोंडओळख एकाच विद्यार्थ्याला करून द्यावयाची आणि हे सारे गावाला लागणारी कामे प्रत्यक्ष करीत शिकवावयाचे, अशी तेथील पद्धती होती. गावकऱ्याला फाटक हवे असेल तर विद्यार्थी ते बनवितात आणि त्याचे मोल घेतात. लहान गावात केवळ संधात्याचे काम करून वर्षभर पोट भरणे कठीण असते. परंतु जो संधातकाम, वायरजोडणी आणि पंपदुरुस्ती ही तिन्ही जाणतो त्याला गाव सोडावे लागत नाही. येथे गावच मालक आहे आणि त्याची गरज कोणत्याही नोंदवहीत नाही. ती रस्त्याने चालताना दिसते.

या सर्व अनुभवांतून नव्या केंद्राचे नियोजन करणाऱ्यास कोणती दिशा मिळते? पहिली गोष्ट म्हणजे प्रश्नावली टपालाने पाठवून भागत नाही. तिचे उत्तर मोठ्या कारखान्याचा कारकून भरून पाठवितो आणि लहान कर्मशाळेचा मालक ती खणात टाकतो. नियोजनकर्त्याने स्वतः दारोदार गेले पाहिजे, आणि ‘तुम्हांला किती माणसे हवीत’ असे विचारू नये, कारण या प्रश्नाला सर्वजण उदारपणे उत्तर देतात. गेल्या वर्षी किती नवी माणसे ठेवली, ती कोठून आली, त्यांना काय येत नव्हते, किती सोडून गेली व का, आणि आरंभी वेतन काय दिले, हे विचारावे. घडून गेलेल्या गोष्टीविषयीचे उत्तर इच्छेविषयीच्या उत्तरापेक्षा अधिक विश्वसनीय असते. माणसे मिळत नाहीत अशी तक्रार करणारा मालक देत असलेले वेतन ऐकल्यावर कित्येकदा उणीव कौशल्याची नसून पगाराची असल्याचे ध्यानात येते. अशा उणिवेवर प्रशिक्षण केंद्र हा उपाय नव्हे.

दुसरी गोष्ट साध्या अंकगणिताची. समजा, एखाद्या जिल्ह्यात ४०० संधाते काम करीत आहेत आणि एक माणूस हे काम सरासरी २५ वर्षे करतो. उद्योग वाढलाही नाही आणि घटलाही नाही, तर दरवर्षी सुमारे १६ नव्या माणसांना जागा होईल. केंद्राने ४० मुलांची तुकडी काढली आणि शेजारच्या तालुक्यातील केंद्रानेही तितकीच काढली, तर पहिल्या वर्षी सर्वांना काम मिळेल, दुसऱ्या वर्षी वेतन उतरेल आणि तिसऱ्या वर्षी मुले घरी बसतील. बाहेरगावी जाणाऱ्यांचा हिशोब त्यात धरला पाहिजे हे खरे. परंतु तो जाणीवपूर्वक धरावा, गृहीत धरू नये. म्हणून संधात्यासारखा एक वर्षाचा अभ्यासक्रम एखादे वर्ष थांबवून पुन्हा सुरू करण्याची मुभा केंद्राला असावी. ज्या व्यवसायासाठी एकदा यंत्रे घेतली आणि निदेशक नेमला तो कायम चालू ठेवणे, ही नियोजनातील सर्वांत महाग सवय होय.

तिसरी गोष्ट निदेशकाविषयी. केंद्रातील यंत्र जुने असले तरी निदेशक कारखान्यातील घडामोडींशी परिचित असेल तर तो विद्यार्थ्याला पुष्कळ देऊ शकतो. यंत्र नवे आणि निदेशक वीस वर्षे कारखान्यात न फिरकलेला असेल तर त्या यंत्रावरील आवरण फारसे निघत नाही. संगणक-नियंत्रित यंत्रे आल्यापासून हे अंतर झपाट्याने वाढले आहे. निदेशकाने ठराविक काळाने काही आठवडे जवळच्या कारखान्यात काम करावे आणि कारखान्यातील जुन्या कारागिराने केंद्रात येऊन शिकवावे, ही देवाणघेवाण कोट्यवधींच्या यंत्रसामग्रीपेक्षा स्वस्त आणि अधिक उपकारक आहे. जोडारीच्या शिक्षणाचा आरंभ कानशीने लोखंडाचा तुकडा सपाट करण्यापासून होतो. माप घेणे, आराखडा वाचणे, हत्यार नीट राखणे आणि चूक झाल्यास ती लपवू नये हे समजणे, या गोष्टी कोणत्याही नव्या यंत्राने कालबाह्य होत नाहीत. उमेदवाराच्या चाळीस वर्षांची तरतूद येथेच होते. तिला कात्री लावून वाचविलेला वेळ खऱ्या अर्थाने वाचत नाही.

चौथी गोष्ट म्हणजे मालक ज्यांना मागत नाही त्यांचा विचार. मालकांच्या पसंतीची यादी जशीच्या तशी स्वीकारली तर त्यांचे पूर्वग्रहही अभ्यासक्रमात शिरतात. मुलींसाठी शिवण व भरतकाम आणि मुलांसाठी लेथ व वीज, ही विभागणी दीर्घकाळ अशीच टिकून राहिली. मालकांनी वीजतंत्री मुली मागितल्या नाहीत म्हणून केंद्रांनी तयार केल्या नाहीत. आणि केंद्रांनी तयार केल्या नाहीत म्हणून मालकांना त्या दिसल्या नाहीत. हे वर्तुळ तोडण्याचा पहिला प्रहार मालकाकडून होण्याची वाट पाहत राहणे योग्य नव्हे. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या केंद्राचे ते कर्तव्यच आहे.

शेवटची गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वाधिक दुर्लक्षित आहे. बाहेर पडलेल्या प्रत्येक उमेदवाराचा एक वर्षाने व तीन वर्षांनी शोध घेणे, तो कोठे आहे, शिकलेले काम करतो की दुसरे, मिळकत काय, हे एका वहीत नोंदविणे, आणि पुढील वर्षाच्या जागा ठरविण्यापूर्वी ती वही उघडणे. परीक्षेचा निकाल केंद्राने विद्यार्थ्याविषयी दिलेले मत असते. ही वही म्हणजे प्रदेशाने केंद्राविषयी दिलेला निकाल होय. जेथे अशी वही ठेवली जाते तेथे गरजेचा अंदाज वर्तविण्याची आवश्यकता हळूहळू कमी होत जाते, कारण चूक लवकर कळते आणि ती लहान असतानाच सुधारता येते.

मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १,००० शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या सुधारणेसाठी ६०,००० कोटी रुपयांच्या योजनेस मान्यता दिली. त्यातील ३०,००० कोटी केंद्राचे, २०,००० कोटी राज्यांचे आणि १०,००० कोटी उद्योगांचे असावयाचे आहेत. काही मध्यवर्ती संस्था आणि त्यांना जोडलेल्या आसपासच्या संस्था अशी तिची रचना आहे. उद्योगांनी पैसा घालावा ही अट स्वागतार्ह आहे, कारण ब्राझीलच्या अनुभवाप्रमाणे जो घालतो तो पाहतो. परंतु पैसा घालण्याची ऐपत मोठ्या उद्योगांचीच असते. मध्यवर्ती संस्थेला जोडलेल्या दूरच्या संस्थेच्या आसपास जर लहान कर्मशाळा, पंपदुरुस्तीची दुकाने आणि कोरडवाहू शेती एवढेच असेल, तर तेथील गरज कोण मांडणार, याचे उत्तर योजनेच्या कागदांपेक्षा त्या संस्थेच्या प्राचार्यांच्या पायपिटीवर अधिक अवलंबून राहील.

म्हणून उद्घाटनाच्या समारंभाकडे पुन्हा एकदा वळावे. त्या दिवशी इमारत आणि यंत्रे यांचे कौतुक अवश्य व्हावे. परंतु प्रमुख पाहुण्यांच्या मागील रांगेत त्या टापूतील दहा कर्मशाळांचे मालक बसलेले आहेत काय, त्यांतील कोणी आपल्याकडे चार मुले शिकाऊ म्हणून घेण्याचे कबूल केले आहे काय, आणि कार्यालयाच्या कपाटात ती कोरी वही ठेवलेली आहे काय, हे ज्याला विचारता येईल त्याने विचारावे. बाहेर उभ्या असलेल्या रांगेतील मुलांना हे प्रश्न विचारता येत नाहीत. तथापि, त्यांची उत्तरे त्यांनाच द्यावी लागतात, दोन वर्षांनंतर, एका दारातून दुसऱ्या दाराशी प्रमाणपत्र घेऊन जाताना.